उमेदवाराची पारख

इंदूरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेले देपालपूर हे आज तहसिलीचे गाव आहे. होळकरशाहीत ते परगण्याचे ठिकाण होते. परगणा म्हटला की कचेरी आली, कचेरी म्हटली की दप्तर आले, आणि दप्तराच्या दाराशी उमेदवार हा यावयाचाच. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा सरळ अर्थ, उमेद धरून बसलेला. आज अर्ज करणाऱ्या कोणासही उमेदवार म्हणतात. मराठेशाहीच्या दप्तरी मात्र, जुन्या कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी बसून काम शिकणारा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा, तो उमेदवार.

त्याची परीक्षा कोणी एका दिवशी घेत नसे. ती रोजच चाले. बोरू फारसा न उचलता मोडी झरझर लिहिता आली पाहिजे, आणि ती दुसऱ्यास वाचताही आली पाहिजे. रोजकीर्दीतील रकमा खतावणीत बिनचूक उतराव्यात. पत्राचा मायना तर मोठ्या जोखमीचा. कोणास ‘राजश्री’ लिहावयाचे आणि कोणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, यात चूक झाली की अक्षर कितीही मोत्यांसारखे असो, ते वाया गेले. या पारखीत सोंग फार दिवस टिकत नसे, हे तिचे बळ. परंतु त्या बैठकीवर प्रथम बसावयास मिळे कोणाला? कारकुनाच्या मुलाला, भाच्याला, ओळखीच्या घरातील पोराला. परगण्यातील कुणब्याच्या हुशार मुलाची तेथे परीक्षाच होत नसे, मग नापास होण्याचा प्रश्न कोठला!

वशिल्यावर लेखी परीक्षेचा उतारा इंग्रजी अंमलात आला. १८५३ च्या सनदी कायद्याने सनदी नोकरी स्पर्धेला खुली केली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. कागदावर दार सर्वांना उघडे होते. मात्र ते समुद्रापलीकडे होते. १८६९ साली चार हिंदी तरुण त्या दारातून आत गेले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे, आणि चौथे मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी सुरेंद्रनाथ व ठाकूर यांची नावे उत्तीर्ण झाल्यावर कमी करण्यात आली. कारण वयाचे. मर्यादा २१ वर्षांची, आणि पूर्वी नोंदविलेल्या वयावरून हिशेब केला तर दोघेही ती ओलांडत होते. आपल्याकडे ‘मुलाला सोळावे लागले’ म्हणतात तेव्हा त्याची पंधराच पुरी झालेली असतात, हे लंडनच्या परीक्षकांना कोण सांगणार? प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कोठे दोघांची नावे पुन्हा यादीत चढली. ज्ञानाच्या कसोटीत उतरलेल्या माणसांना वय मोजण्याच्या रीतीवरून बाहेर काढावे, आणि ते निःपक्षपाताच्या नावाने, हा प्रसंग विसरण्याजोगा नाही. पुढे १८७८ पासून ही मर्यादा १९ वर आणली गेली. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हावयास १९२२ साल उजाडले, स्थळ अलाहाबाद.

लेखी परीक्षेने माणूस दिसत नाही, अशी तक्रार होतीच. म्हणून समोरासमोरची मुलाखत आली, आणि तिच्याबरोबर वशिल्याची जुनी शंकाही परत आली. मुलाखतीला फार गुण ठेवले तर लेखी परीक्षेची मेहनत पुसली जाते, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या अशोककुमार यादव प्रकरणात मान्य केले आणि साधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा सुचविली. २०१६ पासून केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. वरच्या पदांना त्या राहिल्या. तेथे अर्ध्या तासात बोलण्याची सफाई दिसते. जुन्या दप्तरातला वर्षभराचा सराव त्यात कसा दिसावा?

मध्य प्रदेश लोकसेवा आयोग १९५६ साली स्थापन झाला आणि त्याचे ठाणे इंदुरात आले. आयोगाची कचेरी रेसिडेन्सी भागात आहे. होळकरांच्या दरबारावर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी याच भागात राहत असे. देपालपूरच्या कुणब्याच्या मुलाला वा मुलीला तेथे जावयास आता कोणा कारकुनाची ओळख लागत नाही, प्रवेशपत्र पुरते. वाट पाहणे मात्र सुटलेले नाही. राज्यसेवा परीक्षा २०१९ ची पूर्वपरीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली, मुलाखती २०२३ मध्ये झाल्या आणि अंतिम निकाल त्या वर्षाच्या डिसेंबरात लागला. त्यातही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने १३ टक्के पदांचा निकाल राखून ठेवलेला होता. त्या पदांचे उमेदवार लेखी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, पुन्हा वाट पाहत घरी बसले.