फिरंगरोग: नाव परक्याचे, दोष बाईचा

रोगांच्या नावांत इतिहास दडलेला असतो, आणि पुष्कळदा एखादे जुने भांडणही. 'फिरंगरोग' हे असेच एक नाव. आम्हां गोमंतकीयांना फिरंगी म्हटले की पोर्तुगीज आठवतात, त्यामुळे या शब्दाने माझे कुतूहल चाळवले. तो येतो भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या सोळाव्या शतकातल्या संस्कृत वैद्यकग्रंथात. डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात आणि बोलीत ज्याला गरमी म्हणतात, तोच हा रोग.

भावमिश्राची नजर चांगली होती. आपल्या जुन्या ग्रंथांतल्या उपदंशाहून हा रोग वेगळा आहे, तो बाहेरून आलेला आहे आणि अंगसंगाने लागतो, हे त्याने ओळखले. मात्र कारण सांगताना त्याने फिरंग्यांबरोबर फिरंगिणीच्या संगाचा वेगळा उल्लेख केला. आता गंमत पाहा. गोव्याकडे येणाऱ्या जहाजांवर पोर्तुगीज बायका फारच थोड्या असत. म्हणूनच तर १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकेर्कने आपल्या माणसांची लग्ने इथल्या बायकांशी लावून दिली. म्हणजे समुद्र ओलांडून आले ते मुख्यतः पुरुष, तरी ग्रंथात नाव लागले ते बाईचेही!

अर्थात नाव दुसऱ्यावर ढकलण्यात आपणच पुढे होतो असे नाही. १४९५ मध्ये फ्रान्सच्या राजाचे सैन्य नेपल्समध्ये असताना हा रोग युरोपात भडकला. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणू लागले. कोलंबसाच्या खलाशांनी तो अमेरिकेहून आणला असे अनेक अभ्यासक मानतात, पण तो वाद अजून मिटलेला नाही.

उपचाराच्या इतिहासात गोव्याची एक जागा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात चोपचिनीवर, म्हणजे चीनहून येणाऱ्या मुळावर, एक स्वतंत्र संवाद आहे, कारण या रोगावर त्या काळी तिचा मोठा बोलबाला होता. भावमिश्रही चोपचिनी सांगतो. शिवाय तो पाऱ्यापासून केलेला रसकर्पूर देतो. गव्हाच्या कणकेच्या गोळीत तो भरायचा आणि दाताला लागू न देता गिळायचा. पाऱ्याने तोंड येते हे वैद्यांना ठाऊक होते. एवढे सोसून रोग समूळ जाईलच याची खात्री नसे.

पुढे इंग्रजी अमलात दोष देण्याला कायद्याचे बळ मिळाले. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. रोगी आढळलेल्या बाईला 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या इस्पितळात ठेवत. तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला हा कायदा काही विचारत नव्हता. साहजिकच बायका तपासणी चुकवू लागल्या. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला.

खरा उजेड पडला तो सूक्ष्मदर्शकाने. परम्याचा जंतू १८७९ मध्ये सापडला, गरमीचा १९०५ मध्ये. १९०६ मध्ये वासरमनची रक्ततपासणी आली, १९१० मध्ये एर्लिखचे साल्वर्सान बाजारात आले. १९४३ मध्ये अमेरिकेत चार रोग्यांना पेनिसिलिन देऊन गरमी बरी करता येते हे दिसले. साडेचारशे वर्षे माणसे ज्याने झिजली, तो रोग आता सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका मोठ्या इंजेक्शनने बरा होतो. परम्याचे मात्र तसे नाही, त्याच्या जंतूने एकामागून एक औषधे निकामी केली आहेत.

मग प्रश्न सुटला का? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते, आणि त्यांपैकी अवघ्या ८ टक्के बायकांची त्याआधी कधी तपासणी व उपचार झाले होते. औषध होते, तपासणी होती, पण बाई दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती.

आमच्या आजीच्या पिढीत 'धुपणी' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. अंगावरून पांढरे जाणे थोडेफार स्वाभाविकच असते. पण दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी असते, आणि ती गरोदरपणी, मधुमेहात किंवा प्रतिजैविके घेतल्यावरही वाढते. त्यात कोणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. मासळीसारखा वास येणारा पातळ, करडा स्राव जंतूंचा समतोल बिघडल्याने येतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा असू शकतो, आणि तो संबंधातूनच लागतो. तिथे बाईबरोबर तिच्या नवऱ्यालाही औषध द्यावे लागते, नाहीतर तिला तो पुन्हा होतो. लक्षणांवरून केलेला हा अंदाज चुकतोही, म्हणून स्राव तपासून घेणे बरे. बुरशीचे औषध बाकीच्या दोन त्रासांच्या औषधाहून वेगळे आहे, तेव्हा शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही. आणि गरमी तर कित्येकदा काहीच लक्षण दाखवत नाही, म्हणून गरोदर बाईच्या रक्ताची त्यासाठी तपासणी करतात. वेळीच कळले तर पोटातले बाळ वाचवता येते.

हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट राहून राहून दिसते. रोग कोणाकडून आला हे विचारण्यात प्रत्येक पिढीने बराच वेळ घालवला, आणि बोट बहुतेकदा परक्याकडे नाहीतर बाईकडे गेले. माणसे बरी झाली ती कोणीतरी रोगाकडे नीट पाहिले तेव्हा. आपल्या घरातली एखादी बाई संकोचून काही सांगू पाहत असेल, तर 'कुठून आलं?' हा प्रश्न बाजूला ठेवून तिला आधी डॉक्टरकडे न्यावे. आणि गरज पडली तर नवऱ्यानेही तिच्याबरोबर तपासून घ्यावे.