सोने का पालना आणि चाराण्याचा पाळणा

"दादा, ओटीपी आला का? लवकर सांग, दोनच मिनिटं राहिलीत."

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन. सुट्टीत लेकरांना मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कला न्यायचंय, त्याची तिकिटं काढत होती. कार्ड माझं, म्हणून ओटीपी माझ्याकडं. पंधरा दिवसांपासून तिचं हेच चालू आहे. कोणत्या वारी दर कमी, कोणत्या वारी जास्त, याचा तिनं वहीत तक्ता केलाय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, हॉटेल फुकटात रद्द करायची शेवटची तारीख वेगळी, जेवणाचं कूपन आधी घेतलं तर स्वस्त. कोणत्या पाळण्याला सकाळीच पळायचं, याचे व्हिडिओ लेकरांनी आधीच पाहून ठेवलेत.

तिकिटं निघाली. मग ती म्हणाली, "सहल व्हायच्या आधीच दमले रे मी. अण्णा कसे नुसतं 'चला' म्हणायचे अन् आपण निघायचो!"

त्या रात्री ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आपण खरंच असे निघायचो का? निघायचो, तर ते कशामुळं जमायचं? आणि बंद कशानं झालं? त्यावर हे जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

"जालना, सोने का पालना" ही म्हण आपल्याकडं प्रत्येकानं ऐकलीय. ती पडली व्यापारामुळं. आमच्या पिढीच्या लेकरांना माहीत असलेला पाळणा मात्र लाकडाचा होता, चार डोल्यांचा, हातानं फिरवायचा. आपला जिल्हा १ मे १९८१ ला झाला, माझा जन्म त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे मी आणि जिल्हा बरोबरीनंच वाढलो. अंबडला मत्स्योदरी देवीचं नवरात्र, जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची आषाढी, राजूरला गणपतीची अंगारकी. आमचं मनोरंजनाचं वेळापत्रक पंचांगात छापलेलं असायचं, वेगळं प्लॅनिंग कशाला लागतंय?

जत्रेचा हिशोब सोपा होता. आत जायला पैसे नाहीत, कारण जत्रेला फाटकच नाही. पाळण्याला चाराणे. हातात रुपया असला की चार वेळा ठरवायची मुभा. दोन वेळा पाळणा, एकदा मौत का कुआ, उरलेल्यात गोडीशेव. आधी दुसऱ्याला बसलेलं बघायचं, तो खाली उतरल्यावर हसतोय का ओकतोय ते बघायचं, मग आपण बसायचं. गर्दी कमी असली की पाळणेवाला दोन फेरे जास्त द्यायचा. आई-वडील बाजूला उभे, त्यांना बघायचे पैसे नाहीत. खिशात काहीच नसलेलं लेकरूही दिवसभर तिथंच फिरायचं, त्याला कुणी बाहेर काढायचं नाही.

ते चाराण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातूनच गेलं. त्याच्या कितीतरी आधी त्याची किंमत गेली होती, हा भाग वेगळा.

जत्रेपलीकडची आमची सहल म्हणजे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. जालन्याहून साठेक किलोमीटर. रविवारी सकाळी अण्णा दाढी करता करता म्हणायचे, "चला रे, वाघ बघून येऊ." बस स्टँडवर जायचं, जी लागली ती गाडी. आमचं रिझर्वेशन म्हणजे खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. त्या रुमालाला सगळा लाल डबा मान द्यायचा, नाही दिला तर भांडण ठरलेलं. तिकडं उतरलं की मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच सिद्धार्थ उद्यान. रिक्षा नको, पत्ता विचारायला नको. खिडकीवर तिकीट काढायचं, वाघ बघायचा, साप बघायचे, झाडाखाली डबा सोडायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत.

लांब जायचं तर नातलग होते. एसटीनं १९८८ साली 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना काढली. ठरावीक दिवसांचे पैसे एकदा भरा आणि महाराष्ट्रात एसटी जाईल तिथं फिरा. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, उन्हाळ्याची सुट्टी हक्काची. एका मे महिन्यात त्यांनी तो पास काढला आणि आम्ही आठवडाभर नुसते फिरलो. नाशिकला जायचं ठरवून निघालेलो, स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेली दिसली, तिच्यात बसलो. रात्री कुणाच्या दारात उभं राहायचं ते गाडीत ठरायचं. येतोय म्हणून टाकलेलं पोस्टकार्ड आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचायचं.

तेवढ्यात टीव्हीवर एस्सेलवर्ल्ड आलं. त्याआधी १९८४ मध्ये दिल्लीत अप्पूघर उघडलं होतं, पण दिल्ली आपल्याला लांब. एस्सेलवर्ल्ड मुंबईजवळ गोराईला, १९८९ चं. त्याची जाहिरात जालन्यातल्या प्रत्येक लेकराला पाठ होती. समुद्राची खाडी बोटीनं ओलांडून पाळण्यांच्या गावाला जायचं, हे ऐकूनच झोप उडायची.

पुढं एका उन्हाळ्यात अण्णांनी आम्हा भावंडांना मुंबईजवळच्या अशाच एका पार्कला नेलं. तेव्हा आपल्याकडं मीटरगेज, मनमाडला उतरून मोठी गाडी धरायची. मुंबईत चुलतमामाच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण न कळवता जाऊन थडकलो. दुसऱ्या दिवशी पार्कच्या फाटकाशी पोचलो. अण्णांनी दराचा फलक वाचला, शर्टाच्या खिशातल्या नोटा मोजल्या, परत एकदा फलक वाचला. मग म्हणाले, "तुम्ही तिघं जा. आम्हाला काय पाळण्यात बसायचंय का?"

आम्ही संध्याकाळपर्यंत आत. अण्णा, आई बाहेर झाडाखाली. बाहेर आल्यावर आम्ही काय काय केलं ते ओरडून सांगत होतो आणि ते दोघं हसत ऐकत होते. आपल्या लेकरांना पाळण्यात बघायला मिळालं नाही, असं त्या दोघांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, मी बाप झाल्यावर कळलं.

माझ्या मते गोष्ट बदलली ती त्या फाटकाशी. मोबाईल, इंटरनेट हे सगळं नंतरचं.

जत्रेत पैसे पाळण्यागणिक. पाळणा रटाळ निघाला तर नुकसान पाळणेवाल्याचं, लोक पुढं निघून जाणार. पार्कात सगळे पैसे फाटकावरच. पाळणा बंद असला, पाऊस आला, लेकरू तापलं, तर नुकसान गिऱ्हाइकाचं. एकदा एवढी रक्कम भरली की माणूस वसुलीला लागतो. पैसे वसूल व्हायचे तर वेळ वाया घालवायचा नाही, वेळ वाया घालवायचा नाही तर आधीच सगळं ठरवायचं. बहिणीच्या वहीतला तक्ता त्यातूनच आलाय. ती काही हौसेनं करत नाही.

गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेतलं डिस्नेलँडही सुरुवातीला बरंचसं जत्रेसारखंच चालायचं. १९५५ साली कॅलिफोर्नियात ते उघडलं, तेव्हा आत जायचे थोडे पैसे आणि पाळण्याचे वेगळे. लगेचच कूपनांची पुस्तकं आली, साध्या पाळण्याला साधं कूपन, भारी पाळण्याला भारी. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली, मग एकाच तिकिटात सगळं. १९९९ साली डिस्नेनं रांग टाळायचा पास आणला, तो फुकट होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. २०१६ पासून गर्दीच्या दिवसाचा दर वेगळा, मोकळ्या दिवसाचा वेगळा. म्हणजे आधी पाळणा विकला, मग दिवस विकला, मग रांगेतली जागा विकली. आपल्याकडं मोठ्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन मिळायला लागलं, तेही याच वाटेनं. देवालाही वेळेचा भाव लागला.

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. जुनं ते चांगलं, नवं ते वाईट, पोस्ट तयार. मग आईला वाचून दाखवलं.

आई शहात्तर वर्षांची आहे. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझे अण्णा 'चला' म्हणायचे, ते खरंय. पण त्याच्या आदल्या रात्री दशम्या कोण करत होतं?"

मी गप्प.

"शनिवारी शाळेतून आले अन् दोनदा टेबलावरची एसटीची वेळ बघितली, की मला कळायचं. दुधात पीठ भिजवून ठेवायची, दशमी दोन दिवस टिकते. डालड्याच्या डब्यात चाराणे-आठाणे साठवलेले असायचे, ते पदरात बांधून घ्यायची. तुम्हाला जत्रेत द्यायला चिल्लर कुठून यायची असं वाटलं तुला? मुंबईला गेलो तर मामीला अगोदर पिठाचा डबा काढून दिला मी, एवढी माणसं तिनं खाऊ काय घालायची? मला कुणी कधी विचारलं नाही, तू येतीस का म्हणून. अन् मला एकटीला कधी 'चला' म्हणता आलं नाही."

माझ्या पोस्टचा फुगा तिथंच फुटला.

म्हणजे आम्ही ज्याला सहज निघणं म्हणत होतो, ते सहज नव्हतंच. त्यामागं आईची रात्र होती. मामीच्या दोन खोल्या होत्या. वेळेवर सुटणारी आणि परवडणारी एसटी होती. अण्णांचा महिन्याचा पगार आणि सरकारी सुट्टी होती. आमच्याच वर्गातली काही लेकरं दिवाळीच्या आसपास आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. त्यांच्या घरात 'चला' हा शब्द वेगळ्याच अर्थाचा होता. आजही अंबड, घनसावंगी, मंठा भागातून माणसं कोयता घेऊन निघतात. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना ही लेकरं आपल्या फोटोत नसतात, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

आणि जुन्यात धोकाही होता. त्या लाकडी पाळण्याला ना पट्टा, ना तपासणी. जागेसाठी खिडकीतून लेकरू आत ढकलायचे, त्यात हात मोडलेले मी पाहिलेत. आज बाई एकटी रेल्वेनं निघाली तर तिची जागा नंबरासह ठरलेली असते. हे सुख लहान नाही.

मग गेलं काय? माझं मत असं. तयारी तेव्हाही लागायची, आजही लागते. तेव्हा तिचा मोठा वाटा एसटी, नातलग आणि घरातली बाई उचलायची. आज नातलगांकडं न कळवता जाता येत नाही, आनंदाच्या जागांना फाटकं लागली, आणि सगळी तयारी एकट्या कुटुंबाच्या मोबाईलवर येऊन पडली. ज्याच्याकडं तो मोबाईल, ते कार्ड, तो वेळ आहे त्याची सहल होते. ज्याच्याकडं नाही तो फाटकाबाहेर, माझ्या अण्णांसारखा. फक्त आता झाडही नाही.

रस्ते झाले, गाड्या झाल्या, हे मान्य. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यातून सुरू झाला, जून २०२५ पासून पार मुंबईच्या तोंडापर्यंत पूर्ण झाला. पण त्यावर दुचाकी चालत नाही, आणि आपल्या गावोगावच्या घरांत गाडी म्हणजे दुचाकीच. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत निघाली, अभिमान वाटला. तिच्यात जनरलचा डबा नाही. झटपट जायची सोय वाढली, ऐनवेळी जायची वाढली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून मागणी करायची ती पुढाऱ्यांकडं थीम पार्कची नको. जालन्याला २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. आठही तालुक्यांच्या गावांत एकेक धड बाग असावी. चार झोके, प्यायचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि रात्री दिवे. फुकट, नाहीतर पाच-दहा रुपयांत, रोख पैशावर आत जाता यावं. तिथं जाणारी एसटी वेळेवर यावी. एवढं झालं तरी हजारो घरांत कुणीतरी रविवारी सकाळी उठून 'चला' म्हणेल. तुमच्या गावात अशी जागा आहे का? खाली लिहा. नसेल तर तेही लिहा, यादी करू आणि देऊन येऊ.

शेवटचं सांगतो. गेल्या अंगारकीला सकाळी उठलो तर आई घरात नाही. फोन केला तर मागं बसचा आवाज. "राजूरला चालले. शेजारच्या दोघी आहेत संगं. जादा गाड्या सोडल्यात ना आज."

ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. शेजारच्या दोघींचं अर्धं, आईचं शून्य.

मी म्हणालो, "आई, सांगायचं तरी. मी गाडी काढली असती, रविवारी निवांत प्लॅन केला असता."

ती म्हणाली, "तुझा रविवार कधी येतो रे? ठेव आता, कंडक्टर आला."

संध्याकाळी आली, पिशवीतून गोडीशेव काढून माझ्या हातावर ठेवली. दशम्या तिनं केल्या नव्हत्या. तिकडंच जेवली म्हणे.