माहीमचा बुधवार

मुंबईत जुनी चर्चं पाहायला निघालेल्याच्या हाती जुना दगड फारसा लागत नाही. दादरचं पोर्तुगीज चर्च १५९६ चं, पण आजची वास्तू चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात बांधलेली. माहीमचं सेंट मायकेल परंपरेने १५३४ चं, इमारत १९७३ ची. जुनेपण शोधायचंच तर माणसं तिथे कोणत्या वारी आणि काय घेऊन जातात, ते पाहावं. माहीमचा वार बुधवार. नऊ बुधवार न चुकता जायचं, मेणबत्ती लावायची, मेणाचा हात, पाय नाहीतर घर वाहायचं, हे लालबाग-परळच्या हिंदू घरांनाही ठाऊक असतं. पण हा बुधवार आला कुठून?

रूढ उत्तर असं, की फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी बेलफास्टमध्ये नित्य साहाय्य मातेची, म्हणजे मारियेची, नोव्हेना (नऊ वारांची प्रार्थना) पाहिली आणि ८ सप्टेंबर १९४८ ला ती माहीमला सुरू केली. मातेचं मूळ चित्र रोममधलं, क्रीटहून आलेलं. १८६६ मध्ये पोपनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाकडे सोपवलं आणि पुढे या संघाने ही भक्ती जगभर नेली. इथवर ठीक. पण बेलफास्टच्या क्लोनार्ड मठात नोव्हेनेचा वार गुरुवार, अमेरिकेत सेंट लुईसला मंगळवार. म्हणजे बुधवार आयर्लंडहून आलेला नाही. चर्चच्या रिवाजाने निवडला म्हणावा, तर मारियेचा वार शनिवार. बुधवार संत योसेफाचा. सिंगापूरच्या नोव्हेनेने शनिवारच धरला.

आता ती तारीख पाहा. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन, आणि त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाउलीची (माउंट मेरीची) जत्रा सुरू होते. १९४८ मध्ये ८ सप्टेंबर बुधवारी आला होता. माझ्या मते सारं यातच आहे: आधी तारीख ठरली, वार तिच्यामागून आला आणि चिकटला. यावर मोठा आक्षेप मनिलाचा. तिथल्या बाक्लारान चर्चमध्ये त्याच वर्षी २३ जूनला नोव्हेना सुरू झाली, तीही बुधवारी, आणि त्या दिवशी मारियेचा सण नव्हता. मग बुधवारची टूम तेव्हा सगळीकडेच असेल काय? असू शकेल. पण माहीमची प्रेरणा सांगतात बेलफास्टची, मनिलाची नाही. आणि नुसता बुधवारच हवा असता, तर वर्षातल्या बावन्न बुधवारांतून नेमका हाच का निघावा?

शिवाय तारीख एकटी नाही. मेणाचे अवयव वाहण्याची रीत पोर्तुगीज वळणाची, वांद्र्याच्या डोंगरावर मुरलेली. १७३९ च्या वसई मोहिमेच्या धामधुमीनंतर मोतमाउलीची मूर्ती काही काळ माहीमच्या याच चर्चमध्ये होती आणि १७६१ मध्ये ती वांद्र्याला परत गेली, असं परंपरा सांगते. मधली जवळपास दोनशे वर्षं जोडणारा पुरावा नाही, हे खरं. तरी खाडीपलीकडे दर सप्टेंबरात जत्रा भरतच होती आणि माहीमकर तिला जातच होते, तेव्हा धागा तुटण्याचं कारणही दिसत नाही. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचा मंगळवार नि माहीमच्या दर्ग्याचा गुरुवार यांच्यामध्ये बुधवार मोकळा होता म्हणून तो रुजला, असंही कोणी म्हणेल. कल्पना देखणी आहे. पण प्रभादेवीची मंगळवारची अफाट गर्दी बरीच अलीकडची, त्यामुळे १९४८ च्या निवडीला तिचा आधार देता येत नाही.