ठेका आणि सोळा चौकोन

संगणकावर ताल रचण्याची विद्या आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, तीर्थपुरी नांवाचें गांव आहे. तेथील एका परिचित घरीं आम्ही बसलों असतां त्या घरच्या मुलानें संगणकाच्या पडद्यावर सोळा चौकोनांची एक ओळ आम्हांस दाखविली. जो चौकोन भरावा त्याच्या जागीं आघात वाजे, व ओळ संपली कीं पुनः पहिल्यापासून सुरू होई. "यांत आपला त्रिताल बसेल का?" असें त्यानें विचारलें. प्रश्न साधा, परंतु उत्तरासाठीं थोडें मागें जावें लागतें.

आपल्याकडे ताल प्रथम कागदावर नव्हे, तर जिभेवर लिहिला गेला. गुरूनें बोल म्हणावे, शिष्यानें ते मुखोद्गत करावे, आणि मगच हात तबल्यावर ठेवावा, ही जुनी रीत. बोलाचें प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञाच होय. 'धा' म्हटलें कीं दोन्ही हात, 'ता' म्हटलें कीं एकटा उजवा. अशा आज्ञांचें ठरलेलें आवर्तन म्हणजे ठेका. तेव्हां यंत्रास ताल शिकविण्याची कल्पना आपणांस अगदींच परकी वाटूं नये.

पुढें ही विद्या कागदावर आली. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि शिक्षणासाठीं स्वतःची लेखनपद्धति योजिली. विष्णु नारायण भातखंडे यांनीं त्याहून सोपीं चिन्हें रूढ केलीं: समेस गुणिलें, खालीस शून्य, इतर टाळ्यांस आंकडे. मात्रा कोठें पडते हें कागदानें जपलें. आघाताचें वजन मात्र गुरूच्या हाताकडेच राहिलें.

यंत्राची गोष्ट याच्या पुढची. १९८० सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें 'टी. आर. ८०८' हें तालयंत्र काढलें. त्यावर सोळा कळांची ओळ होती. त्याच वर्षीं अमेरिकेंत रॉजर लिन यांचें 'एल. एम. १' निघालें. त्यांत खऱ्या वाद्यांचे आघात मुद्रित केलेले होते, आणि जोडींतील दुसरा आघात किंचित् उशिरा पाडण्याची सोयहि होती. अगदीं सारखा ताल कानास कोरडा लागतो, हें त्या कारागिरानें ओळखलें होतें.

आपल्या मुंबईंतहि हें ८०८ यंत्र लवकरच आलें. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं त्याच्या साथीनें दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हां तिची फारशी दखल घेतली गेली नाहीं. २०१० सालीं ती पुनः प्रसिद्ध झाली, तेव्हां युरोपांत तिचें मोठें कौतुक झालें. परंतु तिच्या नांवांतच लिहिलें आहे कीं राग आपले आणि ठेका 'डिस्को'चा. यंत्रांत आपले राग शिरले, ताल बाहेरच राहिला.

तो आंत येऊं शकत नाहीं असें नव्हे. त्रितालाच्या मात्रा सोळा व चौकोनहि सोळाच. मात्र एका मात्रेस एकच चौकोन दिला तर 'तिरकिट'सारख्या चार अक्षरांस जागा उरत नाहीं. ती हवी तर चौसष्ट चौकोन घ्यावे लागतात. झपतालासाठीं ओळ दहांची व रूपकासाठीं सातांची करतां येते. आघाताचें वजनहि १ ते १२७ या आंकड्यांनीं ठरवितां येतें. खरी अडचण खालीची आहे. खाली म्हणजे रिकामा चौकोन नव्हे. तेथें आघात होतो, पण पुढें डग्ग्याचा घुमारा मागें सरतो व 'धिं'चा 'तिं' होतो. हें ज्याच्या कानांत नाहीं तो ती जागा मोकळी तरी सोडील, किंवा इतरांसारखीच भरून टाकील. आणि मग सोळा मात्रा असूनहि त्रिताल होणार नाहीं. हा दोष यंत्राच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

त्या मुलास आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, पडदा क्षणभर बाजूस ठेव आणि हातानें टाळी देत ठेका म्हणून पाहा. त्यानें आरंभ केला. नवव्या मात्रेस सवयीनें टाळी वाजली; तो थांबला, हंसला, आणि हात मोकळा सोडून पुनः समेपासून म्हणूं लागला.