किती, हे न विचारणारं फंक्शन

सी शिकायला बसलं की पहिल्या काही धड्यांतच वापरणाऱ्याचं नाव, वय विचारून घ्यायची वेळ येते आणि तिथे इनपुट वाचणाऱ्या फंक्शनांच्या एका जुन्या घराण्याशी गाठ पडते. त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात बदनाम अपत्य म्हणजे ‘गेट्स’. (बिल गेट्सशी नातं नाही.)

घराणं न्यू जर्सीतल्या मरे हिलचं. तिथल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली, तेव्हा वाचण्या-लिहिण्याचं काम भाषेत न ठेवता लायब्ररीकडे सोपवलं. १९७२-७३च्या सुमारास माइक लेस्क यांनी इनपुट-आउटपुटची लायब्ररी लिहिली. तिच्यावर पुढे हात फिरत फिरत आजची स्टँडर्ड लायब्ररी तयार झाली. १९७९च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये गेट्स आणि त्याचं भावंड एफगेट्स एकाच पानावर नांदताना दिसतात.

गेट्सला एकच गोष्ट सांगायची असते: ओळ कुठे ठेवायची. तिथे जागा किती आहे, हे सांगायची सोयच नाही. एंटर येईपर्यंत ते अक्षरं ओतत राहतं, भांडं न बघता दूध घालणाऱ्या गवळ्यासारखं. प्रोग्राम लिहिणारा आणि वापरणारा एकाच मजल्यावर बसत होते तोवर हे खपून गेलं.

मग २ नोव्हेंबर १९८८ उजाडला. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने इंटरनेटवर एक ‘वर्म’, म्हणजे आपोआप पसरत जाणारा प्रोग्राम, सोडला. त्याच्या घुसण्याच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ सेवा, म्हणजे एखाद्या यंत्रावर कोण लॉगइन आहे हे सांगणारा साधा प्रोग्राम. तो विचारणा गेट्सने वाचायचा आणि त्यासाठी ५१२ बाइट राखून ठेवलेले होते. वर्मने ५३६ पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या जागेत सांडले, आणि काम संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता तिथेच लिहिलेला होता. पत्ता बदलला, व्हॅक्स जातीचं यंत्र परत फिरलं ते थेट वर्मनेच पाठवलेल्या सूचनांकडे. दुसरी वाट पासवर्ड ओळखण्याची होती. गंमत अशी, की युनिक्समधली पासवर्ड लपवण्याची पद्धत बेल लॅब्समध्ये असताना याच पोराच्या वडिलांनी घडवली होती.

एवढं रामायण झाल्यावर गेट्सची हकालपट्टी झाली असेल असं वाटतं. झाली नाही. पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, सीचं पहिलं अधिकृत मानक आलं आणि त्यात गेट्सला मानाने पाट मिळाला. जुने प्रोग्राम मोडू नयेत, हे कारण. इनपुट आपल्याच ताब्यात असेल तिथे ते सोयीचं आहे, असंही समितीचं म्हणणं पडलं. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो, कारण इनपुट आपल्या ताब्यात आहे असं फिंगर लिहिणाऱ्यालाही वाटलंच असणार. मानकातून ते निघालं थेट २०११मध्ये.

धाकटं भावंड एफगेट्स मात्र जागा किती ते विचारूनच कामाला लागतं. २० म्हटलं तर १९ बाइट घेतं आणि शेवटचा समाप्तीच्या शून्यासाठी राखतं. नवख्याची तक्रार एकच: ते ओळीअखेरचं एंटरही सोबत आणतं, गेट्स आणत नाही. हा फरक निव्वळ जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलाय, अशी कबुली त्या १९७९च्या पानावरच आहे. पण मला तोच एफगेट्सचा खरा गुण वाटतो. एंटर सापडलं तर ओळ पूर्ण आली. नाही सापडलं तर बहुधा उरलेली ओळ अजून रांगेत आहे आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घुसणार आहे. मराठी नावांना तर हे हमखास नडतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. ‘अनिरुद्ध’ला २४ लागतात, २०च्या जागेत ‘अनिरुद’पर्यंत १८ बाइट जातात आणि हलन्ताचा एक तुकडा.

किती हे कळलं, तरी काय आलं हे उरतंच. वय विचारायला त्याच घराण्यातल्या स्कॅनएफला पर्सेंट-डी, म्हणजे ‘पूर्णांक वाच’ ही खूण, दिलं आणि समोरच्याने ‘पंचवीस’ टाइप केलं, तर स्कॅनएफ त्या अक्षरांना शिवत नाही. ती तिथेच राहतात, आणि लूप असेल तर पडद्यावर ‘वय सांगा’चा पाऊस पडतो. शून्य गोष्टी वाचल्या, असं ते परतताना सांगतं, पण ते ऐकायची सवय कुणी लावलेली नसते. अक्षरांचा आकडा करणारं एटूआय तर त्याहून भोळं: ‘पंचवीस’लाही शून्य आणि खरोखरचं इंग्रजी शून्य टाइप केलं तरी शून्यच. १९८९च्या त्याच मानकात स्ट्रटोलही आहे. आकडा वाचताना आपण नेमके कुठे थांबलो, ते स्ट्रटोल बोट ठेवून दाखवतं. सुरुवातीलाच थांबलं तर आकडा नव्हताच. मधे थांबलं तर मागे काहीतरी चिकटलंय. मावणार नाही एवढा आकडा असेल तर एर्नो या चुकांची नोंद ठेवणाऱ्या जागेत तशी खूण. म्हणून ओळ एफगेट्सने घ्यायची आणि आकडा स्ट्रटोलने काढायचा, ही जोडी जमते. वय ४०० आलं तर ते नाकारणं मात्र दोघांच्याही अखत्यारीत नाही, तो ‘इफ’ आपणच लिहायचा.

लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीत गेट्स आजही आहे, जुने प्रोग्राम चालावेत म्हणून. ते वापरलं की लिंकर धोक्याची सूचना देतो. निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर मात्र ते बिनबोभाट चालतं. तो कंपायलर पहिल्यांदा आला १९८७मध्ये, वर्मच्याही आधी.