लाटेखालची माणसं

कॉफीच्या मगवर, टी-शर्टवर किंवा एखाद्या ऑफिसच्या भिंतीवर ती प्रसिद्ध निळी लाट आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. होकुसाई या जपानी चित्रकाराचं हे लाकडी ठशांनी छापलेलं चित्र, साधारण १८३१ सालचं. पण त्यात माणसं किती आहेत, असं कुणी विचारलं तर? मला बरीच वर्षं एकही दिसला नव्हता!

नीट पाहा. लाटांमध्ये तीन लांब होड्या आहेत. ताजी मासळी घाईने एदोला (आजचं टोकियो) पोचवणाऱ्या होड्या या. प्रत्येकीत वल्ह्यांवर आठ जण, शिवाय पुढच्या टोकाला आणखी एक-दोन. चित्राचं मूळ नावही 'कानागावाजवळच्या समुद्रात, लाटेखाली' अशा अर्थाचं आहे.

ठसा कसा बनतो?
पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं. मूळ रेखाटन तिथेच संपतं. रेघ तेवढी उंच ठेवून आजूबाजूचं लाकूड काढून टाकतात. मग रंगांसाठी वेगळे ठसे, अगदी फोटोशॉपच्या लेयर्ससारखे. रंग जागच्या जागी बसावेत म्हणून फळीवर कागद टेकवायच्या खुणा कोरलेल्या असतात. आणि इथे 'अन्डू' नाही!

पाणी हलतं कसं?
लाटेच्या पोटातले गडद आणि फिके निळे पट्टे वर चढत जातात, तिथे आपली नजरही चढते. फेसाचा पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. माणसांचे चेहरे जेमतेम टिंबाएवढे, पण सगळे वाकून वल्ह्यांना बिलगलेले. पाण्याचा जोर कळतो तो त्या पाठींवरून. असंच दृश्य होकुसाईने १८०५ च्या सुमारासही केलं होतं. त्यातली लाट दगडासारखी जड वाटते. ही लाट जमली तेव्हा तो सत्तरीत होता. होड्या तरल्या की बुडाल्या, हे मात्र चित्र सांगत नाही.

कुठे पाहाल?
लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम यांच्या संग्रहात त्या काळी छापलेल्या प्रती आहेत. उजेडाने रंग उडतो, म्हणून त्या कायम मांडलेल्या नसतात. तेव्हा आधी चौकशी करून जा. चित्र जेमतेम २५ × ३७ सेंमीचं आहे, त्यामुळे जवळ जावं लागतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी माणसं मोजायला सांगा. लाट काय, दिसतेच!