गव्हाचे आडनाव

शुक्रवारी रात्री हमोत्सि म्हणून तुकडा मोडताना तो कोणत्या गव्हाचा, हे आम्ही कधी विचारले नाही. कोकणात आपल्या वाडवडिलांचे अन्न भात. गहू घाटावरून यायचा. कॅनडात आल्यावर मात्र रोजची चपाती आणि शब्बाथचा पाव, दोन्ही इथल्याच पिठाचे झाले. म्हणून या गव्हाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिच्यात हिंदुस्थानचाही वाटा आहे.

१८४२ च्या सुमारास ओंटारिओत पीटरबरोजवळ डेव्हिड फाइफ नावाच्या शेतकऱ्याला ग्लासगोहून थोडे बी आले. त्याने ते वसंतात पेरले, आणि ते निघाले हिवाळी, असे सांगतात. हिवाळी गहू म्हणजे आपल्या रब्बीचा गहू नव्हे. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. रोपे बर्फाखाली निजतात आणि कित्येक आठवडे थंडी सोसल्यावाचून ओंबी धरीत नाहीत. फाइफचे पीक वाया गेले. एकाच दाण्याच्या दोन-तीन ओंब्या तेवढ्या पिकल्या. त्यांतून 'रेड फाइफ' हा वसंतात पेरायचा गहू झाला.

त्याचा पाव उत्तम, पण तो पिके उशिरा आणि पश्चिमेकडील मैदानांत पहिल्या गारठ्यात सापडे. १८९२ साली सरकारी शेतीखात्याने त्याचा संकर हिंदुस्थानातून आलेल्या, लवकर पिकणाऱ्या 'हार्ड रेड कलकत्ता' गव्हाशी केला. पुढे ओटावात चार्ल्स साँडर्स यांनी त्या संततीतून, दाणे चावून त्यांचा चिकटपणा पाहत, 'मार्क्विस' निवडला. १९०९ पासून त्याचे बी शेतकऱ्यांत वाटले गेले. १९२० पर्यंत मैदानांतील दहांपैकी सुमारे नऊ भाग गहू मार्क्विस होता. त्याची आई हिंदुस्थानी!

परंतु एकच वाण सर्वत्र पेरणे म्हणजे रोगाला सगळी दारे उघडी ठेवणे. १९१६ साली खोडावरचा तांबेरा पसरला आणि सुमारे दहा कोटी बुशेल गहू गेला. तांबेऱ्याची धूळ दरवर्षी दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर अमेरिकेतून येते. तिला कुंपण घालता येत नाही. १९२५ साली विनिपेगला तांबेऱ्याच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. तेथे मार्गारेट न्यूटन या बाईंनी तांबेऱ्याच्या जाती ओळखण्याचे काम वर्षानुवर्षे केले. त्या धुळीने त्यांची फुप्फुसे बिघडली आणि १९४५ साली त्यांना काम सोडावे लागले. १९३५ साली तांबेरा पुन्हा आला तेव्हा 'थॅचर' हा नवा गहू टिकला, पण पानांवरच्या तांबेऱ्यापुढे तोही दुबळा ठरला. एक वाण एका रोगाला उत्तर देतो, तोवर दुसरा रोग दारात असतो.

हिवाळी गहू लवकर पिकतो, म्हणून खोडाचा तांबेरा जोर धरण्यापूर्वी पुष्कळदा सुटतो. त्याचा वैरी थंडी. १९७७ साली आल्बर्टातील लेथब्रिजहून आलेला 'नॉरस्टार' कडक थंडी सोसणारा. उभ्या धसकटांत पेरला की साठलेला बर्फ त्याची गोधडी होतो. ओंटारिओत थंडी सौम्य, म्हणून तेथे हिवाळी गहूच मुख्य. तेथील शेतकऱ्याला वर्षभर जागते राहावे लागते. मक्याच्या शेतात लगोलग गहू पेरणे टाळावे, कारण त्या धसकटांत फ्युझारियम बुरशी राहते. मे महिन्यात पाने उलटून तांबेरा पाहावा. जूनमध्ये ओंबी फुलोऱ्यावर आली की फवारणीला थोडेच दिवस मिळतात. ते चुकले आणि पाऊस झाला तर दाणा पांढरा, सुरकुतलेला निघतो आणि त्यात विष उतरते. १९९६ साली ओंटारिओने हे मोठ्या प्रमाणावर भोगले. आजही सर्व रोगांना पुरून उरेल असा एकही वाण नाही. म्हणून शहाणा शेतकरी दोन-तीन वाण पेरतो.

आता आईकडे वळू. 'कलकत्ता' हे बाजारातले नाव. तो गहू कोणत्या गावी, कोणाच्या शेतात पिकला, हे त्या नावात नाही. उलट १९०६ साली अहरोन अहरोनसन यांना गालीलात रोश पिनाजवळ रानटी गहू सापडला, आणि त्यांनी जागेसकट त्याची नोंद जगापुढे ठेवली. पुढे शास्त्रज्ञ त्या रानटी गव्हाकडे पुन्हा गेले आणि त्यातून पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देणारा गुण मिळाला. ठिकाण ठाऊक असले म्हणजे परत जाता येते.

आपल्या पूर्वजांनी हे न शिकता जाणले होते. नवगावकर, पेणकर, केहिमकर अशा आडनावांत त्यांनी गाव बांधून ठेवले. येथील शाळा-कचेऱ्यांत उच्चाराला अवघड म्हणून काही मुले ते 'कर' गाळू लागली आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, ज्या गव्हाचा पाव तुम्ही खाता, त्याच्या आईचे गाव हरवले आहे. तुमचे अजून हरवलेले नाही.